मिरजेची सतारमेकर गल्ली आणि मंगळवेढ्याकडचा भोपळा

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

आत्याचा तंबोरा दुरुस्तीसाठी मिरजेला नेण्याचा योग गेल्या महिन्यात आला. तेव्हापासून काही प्रश्न मनात घोळत आहेत, ते येथील जाणकारांपुढे मांडावेत म्हणून हा धागा काढत आहे.

तंबोरा सुमारे साठ वर्षांपूर्वी मिरजेतच घेतलेला आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा तो माळ्यावर होता, म्हणून भिजला नाही. परंतु पुढे कित्येक आठवडे भिंती ओल सोडत राहिल्या आणि त्या दमट हवेत तबलीचा, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या पातळ लाकडी फळीचा, सांधा एका बाजूने सुटला. आत्या गेल्यावर तो खोळीतच पडून होता. आता माझी मुलगी गाणे शिकू लागली आहे, तेव्हा नवा घेण्याऐवजी हाच नीट करून घ्यावा असे ठरवले.

गल्लीतील एका वयस्क कारागिरांनी तो हातात घेतला, पण तारांकडे किंवा सुटलेल्या सांध्याकडे त्यांनी आधी पाहिलेच नाही. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला, थोडे सरकवून पुन्हा टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, तबली नवी घालतो, तारा टेकतात ती घोडी नवी बसवतो, खुंट्याही बदलू. पण हा भोपळा कुणी काहीही सांगितलं तरी टाकू नका. असा आता मिळत नाही." मी विचारले, की लाकूड मिळते, तारा मिळतात, मग भोपळाच का मिळू नये? ते हसले आणि म्हणाले, "तो आम्ही करत नाही ना!"

त्या उत्तराने मला अडकवून ठेवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला असे आपण मिरजेच्या वाद्यांविषयी सहज म्हणतो. पण या चालत येण्यात नेमके काय चालत येते आणि कोणाकोणाकडून चालत येते, हे मला तरी ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दक्षिण_सातारा

माझ्या टोपणनावाविषयी येथे अनेकदा विचारणा होते, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव १९४९ पासून १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होते आणि माझा जन्म त्या काळातला आहे.

आता मूळ विषय. मिरजेत वाद्ये बनवणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची आणि ती दुरुस्त करणाऱ्यांची. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, दक्षिणेतील जहागिरदार इंग्रजांचे मांडलिक झाले आणि लढायाच उरल्या नाहीत, तिथे तलवारीला धार कोण लावून घेणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्यांच्या कामाला हात घातला आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्या कामाला मिळाला, अशी मिरजेची परंपरा सांगते. नाव 'सतारमेकर' असे पडले तेही या मिश्र काळाला साजेसेच आहे, कारण त्यातील अर्धा शब्द आपला आहे आणि अर्धा साहेबाचा.

धार लावणाऱ्याने सतारीकडे वळावे यात पुष्कळांना चमत्कार वाटतो. मला तो तितकासा वाटत नाही. तलवारीची मूठ बसवणे, म्यानाचे लाकूड कोरणे, कानशीने केसभर धातू उतरवून पुन्हा डोळ्यासमोर धरून पाहणे, ही कामे ज्यांच्या हातात होती त्यांना हत्यार आणि सवय बदलावी लागली नाही, फक्त वस्तू बदलावी लागली. कान मात्र नव्याने तयार करावा लागला असेल, आणि मिरज त्यासाठी योग्य गाव होते, असे माझे मत आहे.

कारण गिऱ्हाईक दाराशी होते आणि ते साधे नव्हते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेत. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तरी त्यांना मूठमाती दिली ती मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात, आणि आजही उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांचा, हिशेब मांडत होते आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्याच नादाने भारलेले होते; त्या खटाटोपात खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढली जात असे. श्रुतीचा फरक ओळखणारा माणूस सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसत असेल, तर कारागिराला ढिले काम करून चालत नाही. शिवाय मिरज हे रेल्वेचे जंक्शन. धारवाड-हुबळीकडून पुण्या-मुंबईला जाणारा गवई मिरजेवरूनच जाणार, आणि त्याच्या तंबोऱ्याला काही झालेले असेल तर तो इथेच उतरणार.

सहा-सात पिढ्या हा आकडा आपण कारागिरांच्या बाजूनेच मोजतो, पण तितक्याच पिढ्या ऐकणाऱ्यांच्याही झाल्या आहेत. त्या मोजायला कोणी जात नाही.

खर्जाची_तार

मी साताऱ्यात गाणे शिकवते. माझे दोन्ही तंबोरे मिरजेचे असून जवारीसाठी दीड-दोन वर्षांतून एकदा त्यांना घेऊन मिरजेला जाते. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी जवारीविषयी थोडे लिहिते, कारण चालत येते ते काय, या प्रश्नाचे माझे उत्तर जवारी हेच आहे.

तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी कडेवर उभी नसते. ती चांगली रुंद असते आणि तिच्या पाठीला डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच घासत, चिकटत, सुटत कंप पावते, आणि त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरांश मोकळे होतात. उतार थोडा कमी राहिला तर आवाज बंद आणि मुका येतो. अधिक झाला तर खरखर सुरू होते. हा उतार नेमका साधणे म्हणजे जवारी. कारागीर कानशीचे दोन हात मारतो, पुसतो, तारा चढवतो, स्वरात आणतो, ऐकतो आणि पुन्हा सगळ्या तारा उतरवतो. एका बैठकीत हे दहा-पंधरा वेळा होताना मी पाहिले आहे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची; ती सापडली की आवाज असा उघडतो की खोलीचे दार उघडल्याचा भास होतो. खर्जाच्या तारेतून न लावलेला गांधार ऐकू येतो तो याच वेळी. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट तो असतो, हे शास्त्र झाले. परंतु तो ऐकू येण्यासाठी घोडीच्या पाठीवरून नेमके किती खरवडायचे, याचे माप कोणत्याही फूटपट्टीवर नाही.

तारा घोडीत हळूहळू घर करतात, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा करावी लागते. ती एकदाची विकत घेऊन ठेवण्याची वस्तू नव्हे, आणि म्हणूनच गवई आणि कारागीर यांची गाठ आयुष्यभर पडत राहते.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने आणि मोबाइलवरच्या तानपुऱ्याने या धंद्याचे नुकसान केले असे म्हणण्याची पद्धत आहे. मी स्वतः ती साधने प्रवासात वापरते, तेव्हा त्यांना शिव्या देण्याचा ढोंगीपणा करणार नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी तंबोरा स्वतः कधी जुळवलेला नाही. ज्याने जुळवलेला नाही त्याला बंद पडलेली जवारी ओळखू येत नाही, आणि ज्याला ती ओळखू येत नाही तो मिरजेला जाणार कशाला?

हिशेबनीस

चर्चा भावुक होत चालली आहे, म्हणून दोन रोखठोक प्रश्न विचारतो. पहिला असा, की २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मग काळजी कसली? दुसरा असा, की भोपळा मिळत नसेल तर फायबरचा करावा, दांडी यंत्रावर कापावी, घोडीचा उतार मोजून यंत्रात भरावा. जगभरात गिटारी अशाच होतात आणि वाईट वाजत नाहीत.

खुंटी

मी याच गल्लीतल्या एका घरातला आहे. कोणत्या घरातला ते सांगणार नाही, कारण खाली जे लिहिणार आहे ते वडिलांना आवडेल असे नाही. हल्ली पुण्यात एका कारखान्यात नोकरी करतो.

हिशेबनीस, आपले प्रश्न योग्य आहेत. मानांकन म्हणजे नावाचे रक्षण. कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये, आणि नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे ती वाढवून घ्यावी लागते. सतार आणि तानपुरा यांच्या नोंदण्या वेगवेगळ्या आहेत. दुसरीकडे बनवलेल्या वाद्यावर कोणी मिरजेचे नाव लावून विकले तर आता तक्रार करता येते, आणि हे काही लहान काम नव्हे, कारण असे वर्षानुवर्षे होत आले आहे. परंतु या कागदाने कोणाचा हात तयार होत नाही.

तो कसा तयार होतो ते सांगतो. आमच्या घरी दखनी बोलली जाते आणि आजोबांना आम्ही दादा म्हणत असू. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसायला लागलो तेव्हा वर्षभर माझ्याकडे फक्त काचकागद होता. भोपळा घासायचा, दांडी घासायची. नंतर खुंट्या आल्या. खुंटी भोकात दोन्ही बाजूंनी सारखी बसली पाहिजे, नाहीतर ती एक तर सरकते किंवा फिरतच नाही, आणि मैफलीत गवई शिव्या घालतो तो खुंटीला नव्हे, करणाऱ्याला. मी जवळजवळ दोन वर्षे खुंट्याच केल्या. माझे येथील नाव तेथून आले आहे. त्यानंतर पॉलिश शिकलो: लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाची चिंधी करायची आणि हात कुठेही न थांबवता फिरवायचा. थांबला की डाग पडतो.

भोपळा उघडण्याचे काम मात्र चुलत्यांकडे होते. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, देठाकडची बाजू कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि तोंडात काड्या ताणून बसवतात, म्हणजे ते वाळताना हव्या त्या आकारात पसरते. मग त्यावर लाकडाचा गळा, पुढे तुनाच्या लाकडाची दांडी आणि तोंडावर तबली येते. तबलीच्या जाडीत चूक झाली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. पूर्वी नक्षीत हस्तिदंत असे आणि घोडी सांबरशिंगाची असे. वन्यजीवांचा १९७२ चा कायदा आला, पुढे तो कडक होत गेला, तसे ते सारे थांबले आणि थांबले ते बरेच झाले. आता नक्षी सेल्युलॉइडची असते. घोडीला उंटाचे हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. म्हणजे साहित्य बदलायला आमची ना नव्हती, हे लक्षात घ्या.

फायबरचाही भोपळा होतो. प्रवासाला नेणाऱ्यांसाठी आमच्याही घरी तसे तंबोरे केले आहेत. तो फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. आवाज येतो, पण माझ्या कानाला तो भांड्यातून बोलल्यासारखा वाटतो. यंत्राचे म्हणाल तर दांडी यंत्रावर कापायला काहीच हरकत नाही. घोडीचा उतार मात्र यंत्राला सांगता येणार नाही, कारण प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक तबली वेगळी, आणि उतार काढायचा तो त्या दोघांचे ऐकून.

आता न आवडणारा भाग. मी हे काम सोडले त्याचे कारण सगळे पैसा सांगतात आणि मीही चारचौघांत तेच सांगतो. पैसा हे कारण होतेच. एका तंबोऱ्याला काही आठवडे लागतात, आणि त्याचा मोबदला मिळतो तो वाद्य विकले गेल्यावर. पण खरे कारण वेगळे होते. काम शिकू लागल्याच्या सातव्या वर्षी दादांनी मला प्रथम जवारीला बसवले. त्यांनी दोन तंबोरे समोर ठेवले आणि कोणता उघडा आहे ते सांग म्हणाले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातली कानस काढून घेतली. पुढचे सहा महिने मी रोज ऐकत राहिलो आणि मला जे कळले ते असे, की दादांना जे ऐकू येते ते मला ऐकू येत नाही. घरात जन्मल्याने हत्यारे मिळतात, कान मिळेलच असे नाही. माझ्या धाकट्या चुलतभावाला तो आहे. तो आज मुंबईत हॉटेलात काम करतो, कारण ज्या वर्षांत त्याने बसायचे त्या वर्षांत घरात कर्ज होते.

दक्षिण_सातारा

खुंटी, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांविषयी मोठ्या थाटात लिहिले. ऐकू न येण्याचा प्रश्न घरातल्या घरातही असू शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

भीमथडी

हा धागा मला एका मित्राने दाखवला. मी मंगळवेढ्याकडचा. माझे चुलते पंचवीस-तीस वर्षे मिरजेसाठी भोपळा करत होते, म्हणून "तो आम्ही करत नाही ना" हे वाक्य वाचून मला लिहिल्याशिवाय राहवले नाही. तो आम्ही करतो. किंवा करत होतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. शहरी माणसाला भोपळा म्हटले की लाल डांगर आठवते. तंबोऱ्याचा भोपळा हा दुधीचा भाऊबंद आहे, पण कडू. कडू असल्यामुळेच त्याला कीड सहसा लागत नाही आणि गुरेही तोंड लावत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला बी टोकायचे. फुले पांढरी येतात आणि दिवस मावळताना उमलतात. वेल जमिनीवरच पसरू द्यायचा, कारण हे फळ मांडवाला पेलत नाही. फळ धरू लागले की खरे काम सुरू होते. एका कुशीवर टेकून वाढलेला भोपळा त्या बाजूने चपटा होतो आणि चपट्या भोपळ्याचा तंबोरा होत नाही. म्हणून चुलते रोज सकाळी शेतात फिरून एकेक फळ बुडावर नीट बसवत, खाली पाचट घालत आणि शेजारचा दगड काढून टाकत. पुढे हिवाळा सरेपर्यंत तो वेलावरच वाळू द्यायचा. जून ते फेब्रुवारी जमीन अडकते, आणि शेवटच्या महिन्यात अवकाळी पाऊस झाला तर कवचावर काळे डाग पडून तोच माल कवडीमोल होतो.

आमच्याकडे उजनीचे पाणी आले आणि मागोमाग ऊस आला. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, चपटा झाला म्हणून ऊस कोणी परत पाठवत नाही. शंभर भोपळ्यांतले वीस-पंचवीस मिरजेचा व्यापारी निवडणार आणि बाकीचे बांधावर पडून राहणार, असा हा व्यवहार होता. चुलत्यांनी तो हौसेने केला. त्यांच्या मुलांनी केला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मिरजेच्या सतारीला आहे. या दोघांच्या मध्ये जो भोपळा आहे त्याला काहीच नाही.

आणखी एक गोष्ट येथे फार कोणाला ठाऊक नसावी. भोपळा अख्खा विकला जातो, म्हणजे त्यातले बीही मिरजेला जाते. शेतकऱ्याकडे राहते ते नाकारलेल्या भोपळ्यांचे बी! म्हणून चुलते दरवर्षी मिरजेला जाऊन ज्या भोपळ्यांचा आवाज चांगला निघाला त्यांचे बी कारागिरांकडून मागून आणत आणि तेच पेरत. शिवाय जवळपास दुधीचा मळा असला तर परागकणांची सरमिसळ होऊन पुढच्या वर्षी आकार बिघडतो, म्हणून ते शेताच्या अगदी दूरच्या टोकाला, नाल्यापलीकडे लावत. चुलते वारल्यावर ते येणे-जाणे थांबले.

खुंटी

भीमथडी, फेटा बांधणारे, कापडी पिशवीत गूळ आणणारे आणि दुकानात आल्यावर आधी हात धुणारे ते आपले चुलते असतील, तर मी त्यांना लहानपणी पाहिले आहे. दादा त्यांच्यासाठी बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवत आणि पुडीवर भोपळ्याचा घेर लिहीत. मी समजत होतो की ते औषधासाठी नेतात.

कृष्णाकाठची

काल तंबोरा घेऊन आले. तबली नवी आहे, घोडी नवी आहे, भोपळा तोच आहे. मुलीने तारा छेडल्यावर ते कारागीर बराच वेळ मान खाली घालून ऐकत होते, आणि दोन पावसाळे गेले की पुन्हा घेऊन या, एवढेच म्हणाले. मी त्यांना भीमथडी यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, आणि मग आतल्या खोलीतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात बी होते.

खुंटी, आपल्या घरीही असा डबा असेल का? आणि भीमथडी, नाल्यापलीकडचा तो तुकडा अजून आपल्याकडेच आहे का?

भीमथडी

तुकडा आहे. पाच गुंठे. सध्या त्यात कडवळ आहे, ते मेअखेर निघेल. माझा ऊस तसाच राहणार, हे आधीच सांगतो. पण पाच गुंठ्यांत भोपळा लावून पाहायला माझी हरकत नाही.

खुंटी

अब्बांना फोन केला. डबा आहे, बी दोन वर्षांपूर्वीचे आहे आणि एका पुडीवर ५४ इंच असे लिहिलेले आहे. मी रविवारी मिरजेला जात आहे, तेव्हा ती पुडी घेऊन मंगळवेढ्याच्या एसटीने स्वतःच येतो. उतरायचे कुठे, तेवढे व्यक्तिगत निरोपात कळवा.